जुन्या यंत्रांचा सत्संग

सेवानिवृत्त मनुष्याने कोणत्या मंडळात जावे याविषयी आपल्या समाजाचे संकेत ठरून गेलेले आहेत. गीतेचा अभ्यासवर्ग, ज्येष्ठ नागरिकांचा संघ, हास्यमंडळ, फार तर भजनी मेळा. यांपैकी कोठेही तो गेला तरी कोणाच्या भुवया वर चढत नाहीत. परंतु शब्दरूपे आणि धातुरूपे पाठ करून घेण्यात ज्याची हयात गेली असा मास्तर जर जुन्या मोटारसायकली रानवाटांनी हाकणाऱ्या मंडळीत जाऊन बसू लागला, तर 'यांना या वयात हे काय सुचले?' असा प्रश्न आप्तेष्टांस पडणे स्वाभाविकच आहे. तो आम्हांस इतक्या जणांनी विचारला आहे, की त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहून ठेवावे हे बरे.

प्रथम यंत्राची ओळख करून दिली पाहिजे. आमचे तीर्थरूप शाळातपासणीच्या कामावर होते. खेड्यापाड्यांतील शाळा पाहत त्यांना महिन्यातील वीस दिवस हिंडावे लागे. आणि त्या काळी पुष्कळ गावांना पक्का रस्ता नव्हता. १९६८ साली त्यांनी 'जावा' जातीची अडीचशे सीसीची मोटारसायकल घेतली. बैलगाड्यांच्या चाकोऱ्या, ओढ्यांचे उतार, पावसाळ्यातील चिखल, हे सर्व त्या गाडीने वर्षानुवर्षे सोसले. आज ज्या गोष्टीला रानवाटांची क्रीडा म्हणून कौतुकाने पाहतात, ती त्या पिढीची नोकरी होती, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. तीर्थरूपांच्या पश्चात ती गाडी वाड्याच्या मागल्या पडवीत गोणपाटाखाली उभी राहिली, ती तब्बल तीस वर्षे.

'जावा' या नावाचा त्या नावाच्या बेटाशी काही संबंध नाही. फ्रांटिशेक यानेचेक नावाच्या चेक कारखानदाराने १९२९ साली 'वांडरर' या जर्मन कंपनीकडून मोटारसायकल बांधण्याचे हक्क घेतले, आणि आपल्या आडनावाचे पहिले अक्षरद्वय व कंपनीच्या नावाचे पहिले अक्षरद्वय जोडून हे नाव सिद्ध केले. त्याचा चेक उच्चार 'यावा' असा आहे. भगवान पाणिनींनी आदीचा वर्ण व अंतीचा इत् घेऊन अच्, हल् असे प्रत्याहार बांधले, त्या रीतीचे हे दूरचे नातलग म्हणावयास हरकत नाही. पुढे १९६० साली म्हैसूर येथे 'आयडियल जावा' ही कंपनी स्थापन झाली आणि लवकरच या गाड्या तेथे तयार होऊ लागल्या. कालांतराने त्याच वंशातील गाड्या 'येझदी' या नावाने विकल्या गेल्या. १९९६ साली तो कारखाना बंद पडला. २०१८ साली हे नाव पुन्हा बाजारात आले खरे. परंतु त्या नव्या गाडीचे इंजिन सर्वस्वी वेगळ्या प्रकारचे, म्हणजे फोर-स्ट्रोक आहे. नाव तेच, गोत्र निराळे, असा तो प्रकार होय.

दोन वर्षांपूर्वी या जुन्या गाडीवरून आमच्या एकत्र कुटुंबात बरीच चर्चा झाली. जुन्या वस्तूंच्या एका संग्राहकाने तिची चांगली किंमत देऊ केली होती. आमच्या ज्येष्ठ बंधूंचे मत असे, की गाडी सर्वांची सामाईक आहे, कोणाच्या उपयोगाची नाही, गंज वाढत चालला आहे, तेव्हा योग्य किंमत येत आहे तोवर विकून मोकळे व्हावे. हे मत अगदी व्यवहार्य होते. आमचे म्हणणे एवढेच होते, की तीर्थरूपांनी जी वस्तू केवळ चालविण्यासाठी घेतली, ती काचेच्या दालनात उभी राहण्यापूर्वी एकदा तरी चालली पाहिजे. बंधूंनी एक वर्षाची मुदत दिली. 'दादा, तुमचा शब्द तो शब्द,' असे म्हणून आम्ही कामास लागलो; आणि पुतण्याने आम्हांस या मंडळीच्या बैठकीस नेले.

मंडळात तीसेक सभासद आहेत. दंतवैद्य आहेत, बँकेतील कारकून आहेत, लष्करातून निवृत्त झालेले एक सुभेदार आहेत, ऊस पिकविणारे एक शेतकरी आहेत, संगणकाचे काम करणारी एक तरुण मुलगी आहे. त्यांच्याजवळ जावा आहेत, येझदी आहेत, बुलेट आहेत, आणि राजदूतही आहेत. राजदूत ही पोलंडमधील 'एस. एच. एल.' या गाडीवरून एस्कॉर्ट्स कंपनीने आपल्याकडे बनविलेली १७३ सीसीची गाडी. दूधवाल्यांच्या कासंड्या वाहून तिने सारा ग्रामीण प्रदेश पायाखाली घातला. या मंडळीत एकमेकांस आडनावाने फारसे कोणी हाक मारीत नाही. आम्हांस पहिल्याच दिवशी 'गुरुजी' ही पदवी मिळाली. ती शाळेत मिळाली होती त्याहून येथे अधिक कष्टाने टिकवावी लागते, असा अनुभव आहे.

कारण मंडळाचे खरे गुरुजी आम्ही नसून मिस्त्री आहेत. त्यांचे वय सत्तरीपुढचे. शाळा चौथीपर्यंत. म्हैसूरच्या गाड्यांवर त्यांनी पन्नास वर्षे हात काळे केले आहेत. त्यांच्या गॅरेजात आम्ही आठवड्यातून दोन दिवस जाऊ लागलो. टू-स्ट्रोक इंजिनाचे शास्त्र पुस्तकात पानभरात संपते: पिस्टन वर जाताना मिश्रण दाबतो आणि त्याच वेळी खालच्या पेटीत नवे मिश्रण ओढतो, खाली येताना जळालेला धूर बाहेर जातो आणि नवे मिश्रण वर चढते. फोर-स्ट्रोकमध्ये पिस्टनच्या चार धावांत होणारे कार्य येथे दोन धावांत होते. निराळे वंगण नाही. पेट्रोलमध्येच तेल मिसळावयाचे, लिटरला सुमारे चाळीस मिलिलिटर. तेल कमी पडले की पिस्टन तापून फुगतो आणि इंजिन धरते. एवढे आम्ही पहिल्या आठवड्यात वाचून काढले. परंतु वाचणे निराळे आणि जाणणे निराळे.

मिस्त्री प्लग काढून त्याच्या टोकाचा रंग पाहतात, जसा वैद्य रोग्याची जीभ पाहतो. काळा आणि ओला असेल तर मिश्रण दाट. पांढरा असेल तर पातळ आणि धोक्याचे. कॉफीच्या रंगाचा असेल तर प्रकृती ठीक. ठिणगीची वेळ बसविताना पॉइंटमध्ये ते पतंगाच्या कागदाची चिमूटभर पट्टी धरतात आणि चाक हळूहळू फिरवितात. पॉइंट ज्या क्षणी उघडतात, त्या क्षणी पट्टी सुटते. तीच ठिणगीची वेळ. पॉइंटमधील फट असते सुमारे ०.४ मिलिमीटर. आम्ही तीन वेळा प्रयत्न केला. चौथ्या वेळी मिस्त्री म्हणाले, 'गुरुजी, डोळे मिटा. बोटाला कळतं ते डोळ्याला कळत नाही.' आम्ही डोळे मिटले, आणि पट्टी सुटल्याचे बोटास कळले.

आमच्यासारख्या पांढरपेशा घरांत विद्येचा मान मोठा आहे आणि तो योग्यच आहे. परंतु विद्या म्हणजे जी तोंडाने म्हणता येते किंवा कागदावर लिहिता येते तीच, असा एक समज आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या रुजला आहे. वस्तुतः आपल्याच परंपरेने कलांचीही गणना विद्यांच्या शेजारी केली आहे. ज्याच्या बोटांत पन्नास वर्षांचा अभ्यास साठला आहे, त्याला 'अशिक्षित' म्हणण्यापूर्वी आपण तो शब्द दोन वेळा तपासावा. मिस्त्रींचे दोन्ही मुलगे नोकरीत आहेत. हे काम पुढे नेणारा कोणी नाही. पोथीची एकच प्रत असावी आणि तीही वाळवीच्या घरात, तशी या ज्ञानाची अवस्था आहे.

आता मंडळाच्या क्रीडेविषयी. लोकांचा समज असतो, की मोटारसायकल म्हटली की वेग आणि वेग म्हटला की अपघात. आमच्या कुटुंबाचाही तोच समज होता. परंतु या मंडळीची आवडती क्रीडा वेगाची नसून सावकाशीची आहे. इंग्रजीत तिला 'ट्रायल' म्हणतात, म्हणजे परीक्षाच. ओढ्यातील गोटे, चिखलाचा चढ, झाडांच्या मुळ्या, अशा जागी दोरी बांधून टप्पे आखतात. टप्प्यातून जाताना पाय जमिनीस टेकावयाचा नाही. एकदा टेकला तर एक गुण, दोनदा टेकला तर दोन, तीन किंवा अधिक वेळा टेकला तर तीन. आणि गाडी पडली किंवा टप्पा सुटला तर पाच. ज्याला सर्वांत कमी गुण तो पहिला. आयुष्यभर गुण वाढवा म्हणून मुलांच्या मागे लागलेल्या मास्तरास ही उलटी गुणपत्रिका फार मनोरंजक वाटली.

या परीक्षेची परंपरा जुनी आहे. स्कॉटलंडातील सहा दिवसांची परीक्षा १९०९ साली सुरू झाली. तेथे पुष्कळ वर्षे जड फोर-स्ट्रोक गाड्यांचे राज्य होते. सॅमी मिलर या प्रख्यात स्पर्धकाने १९६४ साली ती परीक्षा पाचशे सीसीच्या एरियल गाडीवर जिंकली, आणि पुढल्याच वर्षी, १९६५ साली, 'बुल्टाको' या हलक्या स्पॅनिश टू-स्ट्रोक गाडीवर जिंकून दाखविली. त्यानंतर जड गाड्यांचे दिवस संपले. त्या जुन्या गाड्या अडगळीत जाऊ नयेत म्हणून किनलॉकलेव्हन येथे १९६५ पूर्वीच्या धाटणीच्या गाड्यांसाठी दोन दिवसांची वेगळी परीक्षा भरते. याहून निराळी अशी सहा दिवसांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा १९१३ साली इंग्लंडातील कार्लाइल येथे सुरू झाली. तिचा एक नियम आम्हांस विशेष भावला: वाटेत गाडी बिघडली तर स्वाराने ती स्वतःच, जवळच्या हत्यारांनी, दुरुस्त करावयाची. यानेचेकच्या देशातील संघांनी या स्पर्धेत जावा गाड्यांवर मोठे नाव मिळविले. जिला आमच्या तीर्थरूपांनी शाळातपासणीस जुंपले, तिच्या कुळात असा पराक्रम होता.

गतवर्षी कार्तिकात अंदर मावळात आमची पहिली परीक्षा झाली. जागा एका सभासदाच्या आप्ताच्या मालकीची होती. वनखात्याच्या जमिनीत जावयाचे नाही, उभ्या पिकाजवळ जावयाचे नाही, वाहत्या पाण्यात तेल सांडू द्यावयाचे नाही, हे मंडळाचे दंडक आहेत. कुटुंबाने शिरस्त्राण, गुडघ्यांवरील ढाली आणि जाड बूट यांशिवाय उंबरा ओलांडू दिला नाही. ज्येष्ठ बंधू मुद्दाम पाहावयास आले होते. पाच टप्प्यांत आम्हांस चौदा गुण पडले. संगणकवाल्या मुलीने राजदूतवर अवघे चार गुण घेतले. तिने आम्हांस सांगितले, 'काका, बसून नका चालवू, पायटांवर उभे राहा.' उभे राहिले की शरीराचा भार पायटांवर येतो, गाडी खाली मोकळी डुलते आणि स्वार तोल राखतो. शेवटचा टप्पा आम्ही उभे राहून पार केला, आणि त्यात पाय टेकला नाही.

परतताना बंधू बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'गाडी विकायची नाही. पण त्या वरच्या चढावर तू जायचं नाहीस.' आम्ही 'बरे' म्हटले. त्यांचे म्हणणे पूर्णतः मान्य झाले असेही नाही आणि आमचेही नाही. एकत्र कुटुंबात निवाडा बहुधा असाच होतो, आणि असाच टिकतो.

या छंदाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. टू-स्ट्रोक गाडी धूर करते. तिच्यात थोडे मिश्रण न जळताच बाहेर जाते. म्हणून जगाने ती मागे टाकली हे योग्यच झाले, आणि रोजच्या बाजारहाटास ती न्यावी असे आम्ही कोणास सांगणार नाही. पेट्रोलमध्ये अलीकडे वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते पाणी शोषते आणि जुने रबर बिघडविते, म्हणून गाडी फार दिवस उभी ठेवावयाची असल्यास टाकी व कार्बोरेटर रिकामे करावे लागतात. पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी २०२१ साली केंद्र सरकारने वेगळ्या नोंदणीचे नियम केले. त्या नोंदणीची गाडी प्रदर्शन, जुन्या गाड्यांची फेरी, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते. तेव्हा ती घ्यावी की साधी नोंदणीच वेळोवेळी नवी करीत जावी, हा ज्याने त्याने विचारपूर्वक ठरविण्याचा प्रश्न आहे.

मंडळात आमचा उपयोग काय, असेही कोणी विचारील. आम्ही एक जाड वही घातली आहे. मिस्त्री सांगतात आणि आम्ही लिहितो: कोणता आवाज कशाचा, कोणता नट कोणत्या क्रमाने सैल करावयाचा, ऑइल सील गेले हे धुराच्या रंगावरून कसे ओळखावयाचे. त्यांचेच शब्द, त्यांच्याच क्रमाने. आतापर्यंत एकशे बारा पृष्ठे झाली. बोटांतील ज्ञान कागदावर पुरते उतरत नाही हे आम्ही जाणतो. म्हणून प्रत्येक प्रकरण लिहून झाले की पुतण्याने ते वाचून स्वतःच्या हाताने करून पाहावयाचे आणि जेथे अडेल तेथे खूण करावयाची, असा परिपाठ ठेवला आहे. अडल्या जागी मिस्त्री पुन्हा सांगतात आणि आम्ही पुन्हा लिहितो. ज्या घरांत अशी एखादी जुनी वस्तू आणि तिचा एखादा जुना जाणकार अद्याप आहे, त्या घरांतील लिहित्या हातांनी असेच करावे, अशी आमची सूचना आहे. वस्तू आणखी काही वर्षे थांबेल. जाणकार थांबेलच असे नाही.