एक्स्पायरी डेट असलेलं गाव

वेल्स म्हटलं की किल्ले आणि मेंढ्या आठवतात ना? मला आठवतं फेअरबोर्न. कॅम्ब्रियन कोस्ट लाइनची ट्रेन समुद्राला अगदी खेटून धावते आणि खाडीच्या तोंडाशी वसलेल्या या पिटुकल्या गावात सोडते.

गाव तसं तरुणच. पिठाच्या धंद्यातल्या आर्थर मॅकडूगलने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ते सुट्टीसाठी वसवायला घेतलं. बांधकामाचं सामान वाहायला १८९५मध्ये घोड्यांची ट्राम आली, १९१६मध्ये तिची छोटी रेल्वे झाली. आजही फूटभर रुंद रुळांवरून ती दोन मैल झुकझुक करत वाळूच्या टोकाला नेते. तिथून बोटीने पलीकडच्या बार्माउथला जायचं. एकदम धमाल! उन्हाळ्यातच जा मात्र. ओहोटीला लांबच लांब वाळू, आणि काठावर दुसऱ्या महायुद्धात रणगाडे अडवायला रांगेने ठेवलेले काँक्रीटचे ठोकळे.

रणगाडे आलेच नाहीत. आता समुद्र येतोय. गाव सखल. पुढे समुद्र, बाजूला खाडी, मागे डोंगराचं पाणी. साधारण २०५४नंतर बांध राखायचे नाहीत, असं किनारा आराखड्यात ठरलं. २०१४मध्ये ही बातमी गाजली आणि इथल्या घरांवर कर्ज मिळणं मुश्कील झालं. गावकऱ्यांना ही तारीख मुळीच मान्य नाही.

परतताना एक आजोबा खिडकीला रंग देताना दिसले. निवांत, दुसरा हात चालू होता. मला आपली वीस-वीस वर्षांची होम लोन्स आठवली. घर कायमचं असतं, हे आपण किती सहज धरून चालतो, नाही?