बिनकामाची खुडबुड

इंटेलची ४००४ ही चिप १९७१ सालची. एका जपानी कंपनीच्या कॅल्क्युलेटरसाठी ती घडवली होती. अवघे २,३०० ट्रान्झिस्टर, आणि एका वेळी चार बिट एवढाच तिचा घास. २०२४ साली एका हौशी गृहस्थाने तिच्यावर लिनक्स चालवून दाखवलं. ते नुसतं सुरू व्हायलाच पावणेपाच दिवस लागले.

हे वाचून मला झालेला आनंद घरात कुणाला समजावता आला नाही. ‘मग आता त्यावर काय करता येतं?’ हा प्रश्न रास्तच होता. काहीही करता येत नाही.

पण तो द्राविडी प्राणायाम तरी बघा! या चिपला ‘आणि’, ‘किंवा’ अशा साध्या तार्किक क्रियांच्या आज्ञासुद्धा नाहीत. एका कामातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात शिरलं, तर परतीच्या तीनच वाटा तिच्या लक्षात राहतात. लिनक्स तिला थेट झेपणं अशक्य. म्हणून त्या गृहस्थाने तिच्याकडून आधी मिप्स जातीच्या एका प्रोसेसरचं सोंग वठवून घेतलं आणि लिनक्स चढवलं ते त्या सोंगावर. सोंगाच्या एकेका हालचालीसाठी मूळ चिपला कितीतरी हालचाली कराव्या लागतात. दिवस गेले ते तिथे.

माझी मजल एवढी नाही. जुन्या बाजारातून आणलेल्या एका नेटबुकवर मी कोलिब्रीओएस चालवतो. असेंब्ली भाषेत लिहिलेली ही अख्खी प्रणाली, खिडक्या-बिडक्या आणि खेळांसकट, १.४४ एमबीच्या एका फ्लॉपीत मावते. चहा गाळून होण्याआधी ती सुरू होते. मग मी काय करतो? बंद करतो, आणि हायकू घालून पाहतो. बीओएस नावाची प्रणाली बनवणारी कंपनी बुडाली, पण त्या प्रणालीचा लळा न सुटलेली मंडळी २००१पासून ती नव्याने लिहीत बसली आहेत; तीच ही हायकू.

अशा उद्योगांचे वकील लगेच लिनक्सचा दाखला देतात: तेही १९९१ साली हौस म्हणूनच सुरू झालं होतं ना? हा युक्तिवाद मला लबाड वाटतो. त्यात पुन्हा उपयोगालाच शरण जाणं आलं. ‘शिकायला मिळतं’ हेही तसलंच. मिळतं, पण त्यासाठी कुणी रात्री दोनपर्यंत जागत नाही. ऑफिसचा लॅपटॉप बिघडला की जीव टांगणीला लागतो. हे नेटबुक बिघडलं की रविवार मजेत जातो.

तुमच्या माळ्यावर एखादा जुना संगणक धूळ खात पडला असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी मला कळवा. मी येऊन घेऊन जाईन. त्याचं काय करणार, हे मात्र विचारू नका.