पागेसाहेबांचा कायदा

बहात्तरच्या दुष्काळात माझी आई खडी फोडायला जायची. काम सुरू ठेवायचं की बंद करायचं, हे वरून ठरे. मुकादम सांगेल त्या दिवशी टोपल्या उचलायच्या आणि घरी यायचं. पुढे रोजगार हमीची कामं निघाली, तेव्हा आमच्या तासगाव तालुक्यातल्या बायका त्यांना ‘पागेसाहेबांची कामं’ म्हणत.

वि. स. पागे हे शिक्षणाने वकील. 1960 ते 1978 ते विधान परिषदेचे सभापती होते. सभापतीने कोणाची बाजू घ्यायची नसते. पण तासगाव तालुक्यातल्या विसापूरच्या शेतमजुरांची बाजू त्यांनी घेतली. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्याकडे त्यांनी रोजगार हमीची योजना मांडली आणि तिचा पहिला प्रयोग आमच्याच तालुक्यात झाला. विधिमंडळाने 1977 मध्ये तिचा कायदा केला. 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला.

त्या कायद्याची ताकद मला वकिली सुरू केल्यावर कळली. पाझर तलावाचं काम अचानक थांबलं म्हणून काही बायका माझ्याकडे आल्या. “काम नाही, घरी जा,” एवढंच उत्तर त्यांना मिळालं होतं. मी प्रत्येकीचा कामाच्या मागणीचा अर्ज लिहिला, अंगठे घेतले आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय कचेरीतून हलायचं नाही, असं बजावलं. पंधरा दिवसांत काम द्या, नाहीतर बेकारी भत्ता द्या, असं कायदाच सांगत होता. “बायामाणसांनी सरकारला मुदत द्यायची का, वकीलसाहेब?” एक कारकून कुत्सितपणे म्हणाला. मी कलम दाखवलं. मुदत संपायच्या आत नालाबांधाच्या कामावर त्यांची नावं हजेरीपत्रकात चढली.

पैशाची तजवीजही पक्की होती. शहरातल्या पगारदारांकडून व्यवसाय कर घ्यायचा आणि तेवढीच भर सरकारने घालायची. वकील म्हणून मलाही तो कर लागला; इतर कर भरताना मी कुरकुरायचो, हा मात्र आनंदाने भरला.

खोटी हजेरी, रखडलेली मजुरी हे सगळं मी पाहिलंय. तरीही दुष्काळी कामावरची माझी आई कोणाला जाब विचारू शकत नव्हती; या बायका विचारू शकल्या. 2005 मध्ये देशाने रोजगार हमीचा कायदा केला, त्याआधी महाराष्ट्राने ही वाट चालून दाखवली होती. गावाकडे वकिली करणाऱ्या तरुणांनी 1977 चा हा कायदा मुळातून वाचावा आणि मजुराचा अर्ज फी न घेता लिहून द्यावा.