खिडकीतील कपबशी

जेवणापूर्वी प्रार्थना करण्याची रीत आमच्या घरात आजोबांपासून चालत आलेली आहे. प्रार्थना लहानशीच; प्रभूने आमच्या पंक्तीला येऊन बसावे, एवढाच तिचा आशय. लहानपणी मी ती अक्षरशः खरी मानीत असे व पाहुण्याचे पान कोठे मांडले आहे म्हणून पाहत असे. आईला विचारले तेव्हा ती म्हणाली, "तो जागा अडवीत नाही." या उत्तराने माझे तेव्हा समाधान झाले. पुढे पुष्कळ वर्षांनी वाटू लागले, की जागा न अडविणारा पाहुणा बोलाविणे ही फारच सोयीची गोष्ट आहे!

प्रभूचा मान आमच्या घरी नव्हता असे नाही. बैठकीत उत्तम मेंढपाळाचे चित्र होते, विणलेल्या रुमालावर पवित्र शास्त्र होते, आणि रविवारी पंचहौदातल्या पवित्र नाम देवालयाची घंटा झाली, की आम्ही धुतलेले कपडे घालून गुरुवार पेठेच्या वाटेला लागत असू. पण हा सारा मान बैठकीतला. परगावच्या वडील आप्ताला आपण लोडाशी बसवितो, त्याची विचारपूस करितो, आणि तो उठून माजघराकडे वळला म्हणजे मात्र काहीसे बावरतो, तशातला हा प्रकार.

वास्तविक मराठी माणसाला देव माजघरात आणण्याची विद्या कोणी परदेशातून शिकवावयास नको होती. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा साधू स्वयंपाकघरात राबत असे आणि भांड्यांच्या गलबल्यातही देव तितकाच जवळ असतो असे सांगत असे. त्याची कीर्ती जगभर झाली. पण त्याच्या कितीतरी आधी आमच्या जनाबाईने विठोबाला जात्याशी बसविला होता, व सावता माळ्याला तो मळ्यात भेटला होता. रेव्हरंड नारायण वामन टिळक तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे म्हणत, ते उगीच नव्हे.

आता त्या कपबशीविषयी. आमच्या स्वयंपाकघराच्या मागील खिडकीत, गजांपाशी, कान तुटलेला एक कप व त्याला न शोभणारी एक बशी पालथी घातलेली असे. झाडलोट करण्यास येणाऱ्या बाईंची ती. त्यांना आम्ही सारे 'मावशी' म्हणत असू. आई त्यांना चहा कधी चुकवीत नसे, व सणाला लुगडेही देत असे. फक्त कप वेगळा. तो त्यांनीच धुवावयाचा व त्यांनीच जागेवर ठेवावयाचा. याबद्दल घरात कोणी कधी अवाक्षर काढल्याचे मला आठवत नाही. दर रविवारी प्रभुभोजनाच्या वेळी ज्याची जात मला ठाऊक नाही अशा माणसाच्या मागोमाग त्याच प्याल्याला मी ओठ लावीत असे, आणि सोमवारी सकाळी खिडकीतला तो कप पाहून मला काहीच वाटत नसे.

आणि हे कोठे? तर पंचहौदापासून हाकेच्या अंतरावर! 1890 च्या ऑक्टोबरात याच मिशनात पुण्यातील प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा आला. कोणी तो घेतला, कोणी नुसताच पुढ्यात ठेविला. गोपाळराव जोशी यांनी सर्वांची नावे वर्तमानपत्रात प्रसिद्ध करविली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि लोकमान्य टिळक व न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या फेऱ्यातून जावे लागले. आमच्या घरी ही हकीकत मोठ्या चवीने सांगितली जात असे. सांगणाऱ्याची पाठ खिडकीकडे असे, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आले.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आमच्याकडे दोनदा बांधून घ्यावी लागली, इतकी ती वाचली गेली. वडिलांच्या विलक्षण सोवळ्यात वाढलेली ही बाई. पतीने 1895 साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा तिच्यावर आकाश कोसळले. पण पुढे स्वतः बाप्तिस्मा घेण्यापूर्वीच, जातिभेद हा देवाने नव्हे, माणसांनी केलेला आहे असा तिने आपल्याशीच विचार केला व कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय केला. आमचे उलट झाले. बाप्तिस्मा आजोबांनीच घेऊन टाकला होता; तो विचार मात्र करावयाचा राहून गेला.

आई गेली त्याच्या चौथ्या दिवशी पाहुणे परतले होते आणि मी स्वयंपाकघरात नुसता बसलो होतो. मावशी आल्या. काही न बोलता त्यांनी आमच्याच पातेल्यात चहा टाकला, कपाटातला चांगला कप काढून माझ्यापुढे ठेविला, आणि मग खिडकीपाशी जाऊन आपला कप घेतला. त्यांच्या हातचा चहा मला चालत होता. कप मात्र दोन होते. माझ्या घशाखाली घोट उतरेना.

"मावशी, दुसरा कप घ्या," मी म्हणालो.

"असू द्या दादा, हाताच्या सवयीचा आहे."

दुसऱ्या दिवशी मी तो कप बशीसकट टाकून दिला. केवढे धर्मकृत्य केले असे मला वाटले! मावशींनी मात्र येताच विचारले, "माझा कप कुठं गेला?" मी सांगितले. त्या गप्प राहिल्या, आणि दोन दिवस त्यांनी आमच्याकडे चहा घेतला नाही. वीस वर्षांची त्यांची वस्तू; ठेविली तेव्हा त्यांना कोणी विचारले नव्हते, आणि टाकतानाही मी विचारले नाही. तिसऱ्या दिवशी मी त्यांची क्षमा मागितली. त्यांनी मान हलविली व केरसुणी उचलली.

आता त्या हाताला येईल तो कप घेतात, पण पितात दाराशी उभ्यानेच. काल चहा झाल्यावर मी खुर्ची पुढे ओढून दिली. त्या खुर्चीवर बसल्या नाहीत. मटाराची टोपली पडली होती तेथे, ओट्याशेजारच्या स्टुलावर टेकल्या आणि शेंगा सोलू लागल्या. मीही चार शेंगा माझ्याकडे ओढल्या. "दाणे खाली सांडू नका, दादा, मलाच वेचावे लागतात," त्या म्हणाल्या.