बडीशेपेच्या बशीतली मोड

इंदूर सोडून खंडव्याच्या रस्त्याला लागले की पूर्वी थोड्याच वेळात शहर मागे पडत असे. आता तेजाजी नगरच्या पुढेही ते बराच वेळ आपल्याबरोबर चालत येते. तरीही पंचवीस-एक किलोमीटरांवर सिमरोल आले, की माळव्याचे पठार संपत आल्याची जाणीव होते. काळ्या सपाट शेतांच्या जागी उंचवटे दिसू लागतात, सागाची झाडे दाटू लागतात आणि रस्ता विंध्याच्या उतरणीची तयारी करू लागतो. पुढे घाट, मग चोरल, बडवाह आणि मोरटक्क्याला नर्मदामाई. हाच रस्ता खंडवा, बऱ्हाणपूर, इच्छापूर असा थेट खान्देशात उतरतो. दक्षिणेतून माळव्यात आलेल्या आपल्या पूर्वजांपैकी कित्येकांनी विंध्याची ही चढण चढूनच या मुलखात पाऊल टाकले असेल.

आजचे सिमरोल हे दोन प्रकारच्या माणसांचे गाव आहे. २००९ साली स्थापन झालेली आय. आय. टी. इंदूर प्रथम शहरातल्या विद्यापीठाच्या आवारात चालत असे. आता तिचे सुमारे पाचशे एकरांचे संकुल येथे उभे आहे, आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतली मुले येथल्या टपऱ्यांवर चहा पिताना दिसतात. दुसरी माणसे म्हणजे ओंकारेश्वराला जाणारे यात्रेकरू. ही दोन्ही मंडळी घटकाभर थांबतात आणि निघून जातात. साहजिकच रस्त्याच्या कडेला ढाबे आणि भोजनालये आहेत, आणि जेथे भोजनालय आहे तेथे जेवणानंतर पडणारा तो लहानसा प्रश्नही आहे : वाढणाऱ्याला द्यायचे किती?

हा प्रश्न आमच्यापुढे पडला तो गेल्या श्रावणाआधी. ओंकारेश्वरास निघालो होतो. आम्ही उभयता, ऐंशी ओलांडलेली माझी मावशी आणि अमेरिकेहून सुट्टीवर आलेला भाचा. सिमरोलच्या एका साध्या ढाब्यात दाल-बाफले मागविले. वाचकांना बाफल्यांविषयी वेगळे सांगण्याची गरज नाही. जाड दळलेल्या कणकेचे गोळे आधी उकडून मग निखाऱ्यावर भाजायचे आणि तुपात बुडवायचे, ही माळव्याची रीत आपण केव्हाच आपलीशी केली आहे. पण एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. बाफले हे एकदा ताट मांडून मोकळे होण्याचे अन्न नव्हे. कुस्करलेल्या बाफल्यावर दाळ पुनःपुन्हा घालावी लागते, तूप विचारावे लागते, कढी आणावी लागते. म्हणजे या जेवणाची निम्मी गोडी वाढणाऱ्याच्या हातात असते.

आमचा वाढपी विशीतला एक सडसडीत तरुण होता. मावशीला दात नाहीत हे त्याने पहिल्याच घासाला ओळखले. न सांगता तिचा बाफला त्याने आत नेऊन बारीक कुस्करून आणला आणि वर पातळ दाळ घालून म्हणाला, “माँजी, अब धीरे-धीरे खाओ, गरम है.” पुढे तो आमच्याकडे लक्ष ठेवूनच होता. मावशीने नको नको म्हणत दोनदा दाळ घेतली.

बिल झाले आठशे चाळीस रुपये. त्यावर सेवाशुल्क वगैरेची ओळ नव्हती. टेबलावरच चौकोनी ठिपक्यांचा तो परिचित कागद चिकटविलेला होता. भाच्याने मोबाईल समोर धरला, आठशे चाळीस रुपये मालकाच्या खात्यात गेले आणि गल्ल्यावरच्या यंत्राने रक्कम मिळाल्याची घोषणा केली. बडीशेप आणि खडीसाखर घातलेली बशी समोर होती. आम्ही बडीशेप खाल्ली. बशी रिकामी झाली, आणि रिकामीच राहिली.

प्रथम मावशीच्या ध्यानात आले. ती म्हणाली, “अरे, त्या पोराच्या हातावर काही ठेवलेत की नाही?”

त्यावरून चर्चा सुरू झाली. भाच्याने लगेच हिशेब मांडला : “मामा, वीस टक्के म्हणजे एकशे अडुसष्ट होतात.” सौभाग्यवतींना ते फार वाटले, त्यांच्या मते पन्नास रुपये पुष्कळ झाले. मी आपल्या सवयीने खिशात मोड शोधू लागलो. आणि तेव्हा मला उमगले की, हॉटेलात बक्षिसी किती द्यावी हे मी आजवर कधी ठरविलेच नव्हते. माझ्या वतीने ते मोडच ठरवीत आली होती.

जुने दिवस आठवून पाहावेत. बिल पंचाण्णव झाले, शंभराची नोट दिली, पाच रुपये परत आले. ते बशीत राहू दिले. बिल अठ्ठ्याऐंशी झाले, बारा रुपये परत आले. दहाची नोट उचलली आणि दोन रुपये ठेवले. वाढणारा तोच, जेवण तेच, आपले समाधानही तेच. मग एकदा पाच आणि एकदा दोन का? केवळ बिलाचा आकडा तसा पडला म्हणून. ज्याला आपण आपले औदार्य समजत होतो ती पुष्कळदा वजाबाकीची बाकी होती.

भाच्याच्या टक्केवारीला मी हसलो खरा, पण तिच्यामागे त्या देशाची एक व्यवस्था आहे. टिप मिळविणाऱ्या कामगाराला मालकाने द्यावयाचे किमान रोख वेतन तेथील केंद्रीय कायद्याने १९९१ पासून ताशी दोन डॉलर तेरा सेंट इतकेच ठेवले आहे. काही राज्ये अधिक देतात, आणि टिप कमी पडल्यास सर्वसाधारण किमान वेतनापर्यंतची भर मालकाने घालायची असते; परंतु वाढणाऱ्याचा संसार चालतो तो मुख्यतः गिऱ्हाइकाच्या पैशावर. तेथे टिप न देणे म्हणजे मजुरी बुडविण्यासारखे आहे. उलट जपानात टिप देण्याची चालच नाही. एकच कृती एका ठिकाणी कर्तव्य ठरते आणि दुसऱ्या ठिकाणी घेणाऱ्याला संकोचात टाकते.

चांगल्या सेवेला अधिक टिप मिळते, अशी आपली समजूत असते. कॉर्नेल विद्यापीठातील मायकेल लिन यांनी या विषयाचा अनेक वर्षे अभ्यास केला. टिपेचा आकडा मुख्यतः बिलाच्या आकड्यावर अवलंबून असतो आणि सेवेच्या बऱ्यावाईटपणाचा त्यावरील परिणाम फारच थोडा असतो, असे त्यांना आढळले. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अमेरिकी अभ्यासात बिलाबरोबर एक-दोन चॉकलेटे ठेवताच टिप वाढल्याचे दिसले. हे वाचताना मला आपली बडीशेपेची बशी आठवली. तोंड गोड करून मग हात पुढे करावा, हे शहाणपण आपल्या हॉटेलवाल्यांना कोणत्याही संशोधनावाचून अवगत होते.

मावशीचे म्हणणे मात्र या सर्वांहून निराळे होते. ती ज्या घरात वाढली तेथे अन्नाचे पैसे घेणे हीच गोष्ट कमीपणाची होती. अहिल्याबाईंच्या अन्नछत्रांच्या कथा ऐकत मोठी झालेली ती पिढी. पंगतीत वाढणारा हा यजमानाच्या घरचा माणूस. त्याच्या आग्रहाला मोल कसे लावणार? पण त्याच घरात देण्याच्या किती तऱ्हा होत्या, आणि प्रत्येकीला निराळा शब्द होता! भटजींना दक्षिणा, बहिणीला ओवाळणी, दिवाळीला गडीमाणसांना पोस्त, आनंदाची वार्ता आणणाऱ्याला खुशाली, कामगिरी गाजविणाऱ्याला बक्षीस. दस्तुरी आणि चिरीमिरी हे शब्दही होते, पण ते उच्चारताना आवाज आपोआप खाली येत असे. देणारा कोण, घेणारा कोण आणि प्रसंग कोणता, हे त्या त्या शब्दातच सांगितलेले असे. ‘टिप’ या एका शब्दात आपण हे सगळे गुंडाळून टाकले, आणि मग नेमके काय देत आहोत हेच कळेनासे झाले.

मावशी म्हणाली, “ही खुशाली आहे. बिलाकडे काय बघता? मी आज पोटभर जेवले की नाही, ते बघा.”

मोठ्या शहरांतील उपाहारगृहांनी या प्रश्नावर आपल्यापुरता एक तोडगा काढला होता : बिलातच पाच-दहा टक्के सेवाशुल्क लावून टाकायचे. गिऱ्हाइकाने विचार करायला नको आणि वाढणाऱ्याने वाट पाहायला नको. परंतु ते शुल्क वाढणाऱ्याच्या हाती पोहोचते की नाही, हे गिऱ्हाइकाला कळण्याचा मार्ग नव्हता. हे शुल्क ऐच्छिक आहे, असे केंद्र सरकारने २०१७ साली सांगितले. ४ जुलै २०२२ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ते बिलात आपोआप लावण्यास मनाई केली. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले, प्रथम स्थगिती मिळाली आणि २८ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने ती मनाई उचलून धरली. त्यावर हॉटेलचालकांच्या संघटनांनी अपीलही केले. त्याआधी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका आयकराच्या खटल्यात म्हटले होते की, गिऱ्हाइकाने स्वेच्छेने दिलेली टिप हा मालकाने दिलेला पगार नव्हे. कायद्याच्या भाषेत सांगितलेली ही गोष्ट मावशीच्या म्हणण्यापासून फार दूर नाही. मजुरी मालकाने द्यायची. खुशाली ही खाणारा आणि वाढणारा यांच्यामधली बाब.

हा भेद महत्त्वाचा आहे, कारण एकाने दुसऱ्याची जागा घेतली की अन्याय होतो. अशाच ढाब्यांवर एके काळी आठ-दहा वर्षांची ‘छोटू’ मुले फडके मारीत असत आणि आपण त्यांच्या हातावर चार आणे, आठ आणे ठेवून मन हलके करीत होतो. त्या नाण्यांनी त्यांची शाळा परत मिळाली नाही. १० ऑक्टोबर २००६ पासून ढाबे, हॉटेले आणि घरकाम यांत चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी आली, ती कायद्याने. आपल्या बक्षिसीने नव्हे.

पैसे देऊन झाल्यावर मी त्या तरुणाशी दोन शब्द बोललो. सुट्टी मोड येत असे तेव्हा बशीतले पैसे गल्ल्याजवळच्या एका पत्र्याच्या डब्यात पडत आणि रात्री त्याची वाटणी होई, असे त्याने सांगितले. भट्टीवरचा, कणीक मळणारा, भांडी घासणारी बाई, सर्वांचा त्यात वाटा असे. आता डबा आहे, पण बहुतेक दिवस उघडावा लागत नाही. “सब मोबाईल से देते हैं, बाबूजी. पूरा का पूरा.” या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. २०१६च्या नोटाबंदीनंतर आणि मोबाईलवरून पैसे देण्याची सोय झाल्यापासून आपले व्यवहार पैशाच्या अपूर्णांकापर्यंत चोख झाले. मालकाचे नुकसान नाही, आपलेही नाही. ज्याचे नुकसान झाले त्याने काही मागितलेच नव्हते. त्यामुळे ते कोणाच्या लक्षातही आले नाही. आणि भांडी घासणाऱ्या त्या बाईंना तर आपण पाहतही नाही. त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची आपली एकमेव वाट त्या डब्यातूनच जात होती.

शेवटी ठरले ते असे. भाच्याची टक्केवारी आणि सौभाग्यवतींचे पन्नास यांच्या मधला शंभराचा आकडा निघाला. तो मोबाईलवरून द्यायचा नाही, असे मावशीने बजावले. पाकिटात पाचशेच्याच नोटा होत्या. सुटे करून घेण्यासाठी मी शेजारच्या टपरीवर चहा घेतला. पन्नास रुपये मावशीने आपल्या हाताने त्या तरुणाच्या हातावर ठेवले, आणि पन्नास मी डब्यात टाकले. पत्र्यावर कागद पडल्याचा आवाज होत नाही; पण गल्ल्यावरच्या मालकाने मान वर करून पाहिले.

दुपारी घाट उतरून मोरटक्क्याचा पूल ओलांडला. ओंकारेश्वरी नावाड्याशी भाड्याची घासाघीस झाली, गुरुजींना दक्षिणा झाली. तेथे सगळ्यांनाच आपापला आकडा ठाऊक होता. सिमरोलच्या टेबलावर तसा आकडा कोणी सांगत नाही, आणि आता मोडही सांगत नाही. तो आपला आपणच ठरवावा लागतो, हे या प्रवासात मी शिकलो. तेव्हापासून घरून निघताना दहा-वीसच्या काही नोटा वरच्या खिशात निराळ्या ठेवतो. परतताना संध्याकाळी पुन्हा त्याच ढाब्यावर चहाला थांबलो, तर मावशीचा चहा बशीत ओतून, निववूनच आला.