अर्धा क्लच

आमच्या डिचोलीत गाडीच्या दुखण्यावर सल्ला मागावा लागत नाही, तो आपणहून चालत येतो. वर्षानुवर्षे खनिजाचे ट्रक या भागातून धावले. त्यामुळे क्लच, गिअर, डिफ्रन्शियल हे शब्द इथल्या पोरांना पाढ्यांबरोबरच येतात. मी तर पाढे शिकवणारा मास्तर. तरीही क्लच म्हणजे काय हे मला निवृत्तीनंतर, एका गॅरेजात गाडीखाली वाकून बघताना कळले.

माझ्याकडे एक जुनी जिप्सी आहे. मारुतीने १९८५च्या अखेरीस ही गाडी बाजारात आणली आणि २०१९ साली तिचे उत्पादन थांबवले. माझी तेराशे सीसीची, सेकंडहँड घेतलेली. वजनाला हलकी, चारही चाकांना ताकद देणारी. १९९९ साली सुरू झालेल्या ‘रेड द हिमालय’ शर्यतीत बर्फातून आणि दगडधोंड्यांतून अशा जिप्स्या पळाल्या आहेत. माझी मात्र डिचोलीहून पेडण्यातल्या इब्रामपूरला, मावशीच्या घरी, काजूची पोती आणि माणसे आणण्यापुरती. पण तिचा मला कोण अभिमान! मुलगा किल्ली मागायचा तेव्हा मी आधी चार सूचना द्यायचो आणि मगच किल्ली द्यायचो.

आषाढातल्या एका रात्री मावशीला ताप चढला. मी परगावी होतो. मुलगाच जिप्सी घेऊन गेला. मावशीचे घर डोंगराच्या पोटाला, वाट जांभ्याच्या मातीची. पाऊस पडला की त्या वाटेवर साबण लावल्यासारखे होते. येताना चढावर गाडी अडली. त्याने पुढच्या चाकांनाही ताकद जोडली, दहा-बारा वेळा प्रयत्न केला आणि शेवटी मावशीला घेऊन पक्क्या रस्त्याला लागला. पहाटेपर्यंत तिला सलाईन लागली होती.

दुसऱ्या दिवशी मी घरी आलो, गाडी काढली, तर इंजिन नुसते ओरडते आणि गाडी जागची हलायला तयार नाही. जळकट वास आतपर्यंत आलेला. हँडब्रेक ओढला, तिसरा गिअर टाकला आणि क्लच हळूहळू सोडला. क्लच धड असता तर इंजिन तिथल्या तिथे बंद पडले असते. ते मजेत फिरत राहिले. प्लेट गेली होती.

मी घरात आलो आणि चार पाहुण्यांसमोर मुलाला म्हणालो, “एका रात्रीत क्लच जाळलास. गाडी चालवायची अक्कल नाही तर हात कशाला लावायचा?”

तो काही बोलला नाही. किल्ली टेबलावर ठेवली. दुसऱ्या दिवसापासून म्हापशाला नोकरीवर कदंबच्या बसने जाऊ लागला. मावशीचे नावसुद्धा त्याने काढले नाही, आणि मलाही ते काढायचे सुचले नाही.

आमचा मिस्त्री पूर्वी खाणीच्या वर्कशॉपमध्ये डंपर उघडायचा. २०१२ साली खाणी थांबल्या, मध्ये काही काळ चालल्या, २०१८ साली पुन्हा थांबल्या. तेव्हापासून तो जांभळाच्या झाडाखाली लहान गाड्या बघतो. मी त्याला सांगितले, फक्त प्लेट बदल. तो हसला. प्लेट हातभर लांब दिसत असली तरी तिथे पोचायला दिवस जातो. मधला गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. एवढे उतरवल्यावर प्रेशर प्लेट आणि थ्रस्ट बेअरिंग जुनेच ठेवायचे, म्हणजे पुढच्या वर्षी तीच मजुरी पुन्हा मोजायची.

मग त्याने कामाला हात घातला आणि मी स्टूल ओढून बसलो. बॅटरीची वायर सुटली, आतून गिअरची दांडी निघाली, स्टार्टर बाजूला झाला. चार चाकांच्या गाडीत शाफ्टांची गर्दी असते. गिअरबॉक्समधून एक आखूड शाफ्ट मागच्या ट्रान्स्फर केसमध्ये जातो आणि तिथून दोन लांब शाफ्ट, एक पुढच्या चाकांना, एक मागच्या. खोलण्याआधी त्याने प्रत्येक जोडावर पांढऱ्या रंगाची खूण केली, म्हणजे जसे होते तसेच बसेल. शेवटी गिअरबॉक्स जॅकवर टेकवून मागे सरकवला आणि काळी पडलेली प्लेट माझ्या हातात दिली. रिबिटांची डोकी वर आली होती. फ्लायव्हीलवर निळसर डाग होते. तापलेल्या लोखंडाचा तो रंग.

“बघ, एका रात्रीत काय केले पोराने,” मी म्हणालो.

त्याने उत्तर दिले नाही. थ्रस्ट बेअरिंग माझ्या कानाजवळ धरून फिरवले. आत वाळू भरल्यासारखी खरखर. मग प्रेशर प्लेटची बोटे दाखवली. बेअरिंग घासून घासून त्यांच्या टोकांवर गोल खाच पडली होती.

“हें भुरग्याचें काम न्हय, मास्तर,” तो म्हणाला. “हें एका रातीचें न्हय, वर्सांचें.”

आणि त्याने समजावून सांगितले. क्लच दाबला की बेअरिंग त्या बोटांवर टेकते. पाय काढला की त्याने मोकळे व्हायचे असते. गाडी चालवताना सतत पाय पेडलवर ठेवणाऱ्याचे बेअरिंग कधीच मोकळे होत नाही, आणि प्लेटही पुरती पकडत नाही. थोडी-थोडी घसरत झिजते. प्लेट झिजली की केबलमधली ढिलाई संपते. ती वेळोवेळी बघून सैल करायची असते. मी कधी बघितली नव्हती. मग तो आत डोकावला आणि पेडलांकडे बोट केले. ब्रेकच्या रबरावर रेघा शाबूत होत्या. क्लचचे रबर गुळगुळीत. ते माझ्या चपलेने झिजवलेले होते.

“पण चिखलात तो दहा वेळा…” मी म्हणू लागलो.

त्याचेही उत्तर त्याच्याकडे होते. दोनच चाकांना ताकद असली की चिखलात ती गरगरा फिरतात आणि क्लच वाचतो. चारही चाकांनी जमीन धरली की सुटायला जागा उरत नाही. सगळा झटका प्लेटवर येतो. १९८० साली ऑडीने ‘क्वात्रो’ काढली. तेव्हापासून चार चाकांच्या ज्या वेगवान गाड्या रॅलीत धावल्या, त्यांच्या क्लचचे दुखणेही हेच. म्हणून अशा चढावर दुसरी दांडी ‘लो’मध्ये टाकायची. मग चाके सावकाश फिरतात, जोर वाढतो आणि प्लेटला घसरावे लागत नाही.

“भुरग्याक ‘लो’ कोणें शिकयलें?” त्याने विचारले.

कोणीच नाही. मी त्याला ‘फोर-हाय’पर्यंतच दाखवले होते. पुढचे माझ्यापाशी ठेवले होते.

फ्लायव्हील लेथवर घासून आणले. नवी प्लेट जुन्या शाफ्टच्या तुकड्याने मधोमध धरून बसवली, प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे-थोडे करत आवळले. केबलला पेडलपाशी इंचभर ढिलाई ठेवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी उभी राहिली.

घरी आलो तेव्हा मुलगा पायरीवर बूट काढत होता. शाळेत मी पोरांना चूक कबूल करायला लावी, तेव्हा ते इतके अवघड असेल असे वाटले नव्हते. जुने बेअरिंग पिशवीतून काढून त्याच्या हातात दिले. म्हणालो, “हे मी खाल्ले. तू नाहीस. आणि त्या रात्री तू मावशीला आणलेस, ते मी विचारलेही नाही.”

त्याने बेअरिंग फिरवून बघितले. बऱ्याच वेळाने म्हणाला, “बाबा, ती वाट परत चढायला शिकवाल?”

रविवारी आम्ही इब्रामपूरला गेलो. चालवायला तो, शेजारी मी. चढाच्या तोंडाशी त्याने गाडी थांबवली, दुसरी दांडी ‘लो’त टाकली आणि क्लचवरचा पाय पूर्ण काढला. गाडी बैलासारखी शांतपणे चढू लागली. मावशी वर अंगणात उभी होती.

“बाबा,” तो पुढे बघतच म्हणाला, “पाय.”

मी खाली पाहिले. माझा डावा पाय रिकाम्या जागेत, काही नसताना, दाबून धरलेला होता.