थंडावलेल्या ज्वालामुखीच्या पायऱ्या : इस्लापूरचे सहस्रकुंड

ज्वालामुखी म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे शंकूसारखा उंच डोंगर आणि त्याच्या तोंडातून निघणारा धूर उभा राहतो. असा पर्वत पाहावयास महाराष्ट्राबाहेरच जावे लागते. आज भारतात जागृत ज्वालामुखी एकच आहे आणि तोही अंदमानच्या समुद्रातील निर्मनुष्य बॅरन बेटावर. (लोणारच्या सरोवराला ज्वालामुखीचे मुख समजणारे अजूनही भेटतात, ते उल्कापाताने पडलेले विवर आहे.) आपल्यापैकी ज्यांची मुले अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या आसपास नोकरीस आहेत, त्यांना मात्र माउंट रेनियर परिचयाचा असतो. त्या महानगराच्या क्षितिजावर 4,392 मीटर उंचीचा हा हिमाच्छादित ज्वालामुखी स्वच्छ दिवशी घराच्या गच्चीतूनही दिसतो. आईवडील भेटीस आले की मुले त्यांना मोटारीने ‘पॅरडाइज’ या ठिकाणापर्यंत नेतात. त्याची उंची सुमारे 5,400 फूट, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखराएवढी. तेथवर निरोगी वृद्धाला विरळ हवेचा त्रास सहसा होत नाही. तो त्रास साधारणतः अडीच हजार मीटरच्या वर सुरू होतो. हृदयाचा वा फुप्फुसाचा विकार असलेल्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांना विचारूनच जावे.

ज्यांना इतके दूर जाणे नाही, त्यांच्यासाठी नांदेडपासून सुमारे शंभर किलोमीटरवर, किनवट तालुक्यात, इस्लापूर आहे. येथे चढण्यासाठी शिखर नाही. जे आहे ते उतरण्यासारखे आहे, आणि उतारवयात खरा विचार करावयाचा तो याच गोष्टीचा.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा वाहिला. एका थरावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा, असे थर साचत गेले. आज उरलेले त्याचे क्षेत्रच सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भरते. पश्चिमेस सह्याद्रीत या थरांची जाडी दोन किलोमीटरच्या आसपास जाते, तर पूर्वेकडे ती कमी होत जाते. नांदेड जिल्ह्यातच देगलूर-बिलोलीकडे गेलात, तर या आवरणाखालचा त्याहून कितीतरी जुना ग्रॅनाइट उघडा पडलेला दिसेल. कठीण थर टिकतो, मऊ थर झिजतो, म्हणून या प्रदेशातील डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. भूवैज्ञानिक या खडकास ‘ट्रॅप’ म्हणतात. स्वीडिश भाषेत पायरीला जो शब्द आहे, त्यावरून हे नाव पडले.

अशाच एका पायरीवरून इस्लापूरजवळ पैनगंगा खाली झेपावते. अलीकडचा काठ मराठवाड्याचा, पलीकडचा विदर्भातील उमरखेड तालुक्याचा. काळाकभिन्न, धातूसारखा चकाकणारा खडक, त्यात पाण्याच्या भोवऱ्यात गरगरणाऱ्या गोट्यांनी युगानुयुगे कोरलेले खळगे, आणि त्यांमधून धारांधारांनी कोसळणारी नदी. सहस्रकुंड हे नाव कसे सुचले असेल, ते पाहताक्षणी कळते. काठावर महादेवाचे मंदिर आहे. मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावर सहस्रकुंड नावाचे स्थानकही आहे. आजूबाजूस सागाची वने आहेत, आणि बाजारात मराठीबरोबर तेलुगू, बंजारा आणि गोंडी बोलीही कानी पडतात.

पर्वत चढताना दम लागतो आणि दमच आपल्याला थांबवतो. उताराला असा पहारेकरी नाही. श्वास शांत असतो, मन उत्साही असते, आणि गुडघे मात्र निमूटपणे भार सोसत असतात. पायरी उतरताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या तीन पटींहून अधिक भार येतो, आणि मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच त्यांना शरीर सावरून धरावे लागते. त्यात नदीकाठी क्रम उलटा असतो. आधी उतार, मग पाणी पाहण्याचा आनंद, आणि थकल्यावर, ऊन चढल्यावर चढाव. म्हणून सहस्रकुंडास जाणाऱ्या ज्येष्ठांनी ‘तेथवर जाता येईल का’ हा प्रश्न विचारू नये. ‘तेथून परत वर येता येईल का’ हा विचारावा. दहा पायऱ्या उतरून तेथूनच माघारी चढून पाहावे. दम लागला, छातीत जड वाटले वा गुडघा कुरकुरला, तर धबधबा काठावरूनच पाहावा. तेथून तो पुरेसा दिसतो, आणि गर्जना तर सर्वांना सारखीच ऐकू येते.

उतरायचेच ठरले, तर काठी हाती असू द्यावी. चढताना चांगला पाय आधी टाकावा, उतरताना काठी व दुखरा पाय आधी. दुहेरी भिंगांचा चष्मा वापरणाऱ्यांनी विशेष जपावे. त्याचा खालचा भाग वाचनासाठी असतो, त्यातून पायाखालची पायरी धूसर दिसते. मान नीट खाली वाकवून वरच्या भागातून पाहावे, किंवा दूरचाच चष्मा लावावा. रक्तदाबाची औषधे चालू असतील, तर बसल्या खडकावरून एकदम उठू नये.

मंदिरासंबंधी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते, कारण घरोघरी तिकडे दुर्लक्ष होते. काळा पाषाण दुपारच्या उन्हात तव्यासारखा तापतो. मधुमेहामुळे ज्यांच्या तळपायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांना चटका बसलेला कळतही नाही. संध्याकाळी घरी पाय धुताना फोड दिसतो आणि पुढे त्याची जखम महिनोन्महिने भरत नाही. अनवाणी दर्शन सकाळी लवकर घ्यावे, जाड सुती मोजे घालावेत, आणि परतल्यावर सोबतच्या माणसाने दोन्ही तळपाय उजेडात पाहावेत. देव मोज्यांवर रुसत नाही. मधुमेहींनी उपाशीपोटी दर्शनास जाऊ नये, साखर खिशात ठेवावी, आणि इन्सुलिन तापलेल्या मोटारीत विसरू नये.

दिवस कोणते निवडावेत? भर पावसाळ्यात धबधबा रौद्र असतो, पण शेवाळलेला खडक आणि वृद्ध पाऊल यांची गाठ पडू देऊ नये. उन्हाळ्यात धार क्षीण होते. पाऊस ओसरल्यानंतरचे आठवडे उत्तम, कारण तेव्हा पाणी असते आणि खडक वाळलेले असतात. मात्र वरच्या अंगाला पैनगंगेवर ईसापूर धरण आहे. (ईसापूर वेगळे, इस्लापूर वेगळे, नावांच्या साम्याने पुष्कळांची फसगत होते.) तेथून पाणी सोडले, तर इकडे निरभ्र आकाशाखालीही नदी चढू शकते. निघण्यापूर्वी गावात चौकशी करावी. पाणी गढूळ होऊ लागले वा आवाज वाढला, तर तत्काळ काठावर यावे.

आता थोडे मुलासुनांसाठी. ‘तुम्ही गाडीतच बसा, आम्ही पटकन पाहून येतो’ हे वाक्य पुष्कळ सहलींत ऐकू येते. बंद मोटारीत उष्मा झपाट्याने वाढतो, हे एक. दुसरे असे की, ज्या आईने सगळ्यांसाठी पहाटे उठून दशम्या केल्या, तिने काचेआडून वाहनतळ पाहत बसावे, हे बरे नव्हे. घडीची खुर्ची न्यावी, सावली शोधावी, आणि पाळीपाळीने एकाने त्यांच्याजवळ थांबावे. वृद्ध स्त्रिया प्रवासात पाणी पीतच नाहीत. स्वच्छतागृहाची शाश्वती नसते हे त्याचे खरे कारण, आणि ते त्या बोलून दाखवत नाहीत. वाटेत कोठे थांबायचे हे आधी ठरवून त्यांना सांगितले, तर त्या पितील.

घरी परतल्यावर पहिला दिवस बरा जातो. दुखणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्यांत उमटते. तो उताराचा हिशेब असतो. हलके चालणे आणि कोमट पाण्याचा शेक पुरे होतो. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी दुखणे थांबवणाऱ्या गोळ्या आपल्या मनाने घेऊ नयेत. एकच पोटरी सुजली, लाल झाली वा आठवड्यानंतरही दुखतच राहिली, तर डॉक्टरांकडे जावे, आणि कोठे, किती उतरलो होतो तेही त्यांना सांगावे.